फोटोतला माझा रंग

आज स्थळासाठी काढलेला फोटो आणायला स्टुडिओत गेले होते. काउंटरवर फॅशनचं मासिक होतं. मुखपृष्ठावरची मॉडेल आफ्रिकन, माझ्याहूनही काळी. कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखी मी तिच्याकडे बघत राहिले. आईने मला घरी मासिकांवरूनच अक्षरं शिकवली, पण त्यांवरच्या सगळ्या बायका गोऱ्या असायच्या.

स्टुडिओवाल्या काकांनी न विचारताच माझा फोटो उजळला होता.

"काका, माझा रंग राहू द्या ना."

"अगो, ती मासिकात गेली. तुला सासरी जायचंय," ते मायेनंच म्हणाले.

मी फोटो घेऊन घरी आले. आईने तोच फोटो मुलाकडच्यांना पाठवलाही.

रविवारी चिपळूणहून पाहुणे येतील. दार मलाच उघडायचंय. तुमच्यापैकी कोणी असं दार उघडलंय का?