आक्कांच्या टेबलावरच्या नवऱ्या

पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या छापखान्यात मी गाडा ओढायचो. छापलेले ताव मशीनपासून तपासणीच्या टेबलापर्यंत, आणि तिथून कोठारात. कागद जड असतो. ज्याने उचलला नाही त्याला हे सांगून कळत नाही.

तपासणीच्या टेबलावर आक्का बसायच्या. खिडकीखालची जागा त्यांची, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा. ताव पुढ्यात ओढायचा, नजर फिरवायची, रंग सरकलेला किंवा ठिपका दिसला की निळ्या पेन्सिलीने फुली. फुलीचा ताव जाळायला, चांगल्यावर त्यांचा शिक्का. मशीनवाले पाठीमागे त्यांना घार म्हणायचे. एकाने एकदा विचारलं, आक्का, घरी मालकांना जेवताना एखादा खडा तरी मिळतो का? आक्का म्हणाल्या, मिळतो, जास्त बोलले की.

त्या वर्षी लग्नाची तिकिटं आली. एका तावावर चिनी लग्न, दुसऱ्यावर पाश्चात्त्य. चिनी तावावर सगळं लालभडक: नवरीला न्यायला आलेली डोली, वाकून सासूसासऱ्यांना चहा देणारी नवरी, आणि हनुवटीपर्यंत लाल कापड घेऊन बसलेली नवरी. ते कापड नवरा तराजूच्या दांडीने वर करतो. पाश्चात्त्य तावावर सगळं पांढरं: झगा, तीन मजली केक, पाठमोरी होऊन मैत्रिणींकडे गुच्छ फेकणारी नवरी, आणि तोंडावर जाळी घेतलेली नवरी. ही जाळीही नवराच वर करतो. जाळी फिक्या राखाडी रंगात, सगळ्यात शेवटी, वेगळ्या प्लेटने छापायची.

तराजूच्या दांडीवर आक्का म्हणाल्या, वजन करूनच घेतोय म्हणायचा. समोर सूनबाई बसायची. ती दुसरी तपासनीस; लग्न होऊन आठवड्यात नोकरीला लागली म्हणून ते नाव. गुच्छाबद्दल तिचं म्हणणं असं, की ही बया सुटल्यासारखी फेकतेय, घ्या, आता तुम्ही भोगा. मशीनवाल्यांनी तर म्हणच फिरवली: लग्न पाहावं छापून.

एक दिवस गठ्ठा गाड्यावर चढवताना वरचा ताव मला खटकला. पांढरी नवरी उघड्या तोंडाने उभी, नवऱ्याचा हात वर आणि हातात काहीच नाही. जाळी छापलीच नव्हती. खाली आक्कांचा शिक्का. आतलेही काही ताव तसेच निघाले. मी ते गुपचूप सूनबाईला दाखवले. तिला नवल वाटलं नाही. आक्का हल्ली ताव खिडकीकडे तिरपे धरतात, सारखे डोळे चोळतात, हे तिने पाहिलं होतं.

असा एक जरी ताव बाहेर जाऊन बोंब झाली असती, तरी आक्कांची जागा गेली असती. मग उरलेली वर्षं बांधणीत, उभ्याने गठ्ठ्यांची सुतळी ओढत. गुडघे आधीच धरलेले. सूनबाईने ते ताव बाद करून टाकले आणि तिथेच ठरवलं: लाल ताव आक्कांकडे, पांढरे आपल्याकडे. लालवरची चूक ढळढळीत दिसते. कुठला गठ्ठा कोणापुढे टाकायचा हे माझ्या हातात होतं. मी तसं करू लागलो. सूनबाई जेवणाची सुट्टी मारून पांढरे ताव संपवू लागली.

आठवडाही झाला नाही तोच आक्कांनी माझा गाडा अडवला.

"काय रे, माझ्या वाट्याला लालच का येतात?"

मी म्हणालो, मशीनवर तेच चालू आहे.

"आणि हिच्यापुढे पांढरे काय आभाळातून पडतात?"

 सूनबाईने हळूच एक बाद ताव आणि एक चांगला ताव काढून पुढे ठेवला. एकावर जाळी होती, एकावर नव्हती. ते बोलून दाखवायला तिला जड गेलं. आक्कांनी दोन्ही ताव डोळ्यांजवळ नेले, खिडकीला लावले, पुन्हा खाली ठेवले.

"मला दोन्ही सारखेच दिसतात," आक्का म्हणाल्या.

सूनबाई समजावू लागली. दोनच वर्षं उरलीत, मी बघते तुमचे, कोणाला कळतंय?

"मला कळतंय ना. तुझ्या डोळ्यांचा पगार मी घेणार नाही."

त्याच पावली त्या सुपरवायझरकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. त्याने आक्कांना बांधणीत पाठवलं. ऑपरेशन करून या, ताव तपासून दाखवा, तोवर जागा कोणाला देत नाही, एवढं बोलला. मोतीबिंदू होता हे आक्कांना ठाऊक होतं. घरी मालक ऑपरेशनसाठी वर्षभर मागे लागले होते. पण आक्कांच्या आईचे डोळे ऑपरेशनात गेले होते, आणि पुढे ती जन्मभर भिंत धरून चालली. आक्का लहानपणी तिचा हात धरायच्या. जागेसाठी मात्र ऑपरेशनला गेल्या. भीती गेली नव्हती, गेल्या, एवढंच.

परत आल्यावर सुपरवायझरने चांगले-वाईट ताव मिसळून पुढे ठेवले. आक्कांनी सगळे वाईट बाजूला काढले. तो म्हणाला, बसा जागेवर. आक्का बसल्या नाहीत. माझ्या शिक्क्याचे पांढरे गठ्ठे कोठारात किती आहेत, ते आधी बघू द्या म्हणाल्या. सुपरवायझर कंटाळला. पास झालेला माल, त्यातला निम्मा तर पोस्टात गेला, म्हणाला.

"गेलं ते गेलं. आहे ते तरी बघू द्या."

बघा, पण सुट्टीत, तो म्हणाला.

कोठार तळघरात. जिन्यावर गाडा चालत नाही, गठ्ठे खांद्यावरूनच आणायचे. एकदा वाहिलेला माल उलटा वाहायचा म्हणून मी कुरकुरलो. आक्का म्हणाल्या, राहू दे, मी आणते, आणि कठडा धरून एक-एक पायरी उतरायला लागल्या. मग काय, मी आणले.

रोज जेवणाच्या सुट्टीत, बांधणीच्या फळीवर ठेवून, उभ्यानेच त्यांनी एकेक गठ्ठा सोडून तपासला. बिनजाळीच्या नवऱ्या सापडत गेल्या. प्रत्येक वेळी स्वतःच्या शिक्क्यावरच फुली मारायच्या, आणि पुढचा ताव ओढायच्या. सूनबाई मदतीला आली, तिला परत पाठवली. शेवटचा गठ्ठा बांधून झाल्यावर आक्कांनी मला विचारलं, आणखी आहे? नाही म्हणालो.

"नीट बघितलंस?"

पुन्हा खाली उतरलो. मागची फळी हलवून बघितली, वर आलो, सांगितलं, नाही. मग आक्का खिडकीखाली जाऊन बसल्या, आणि मला म्हणाल्या, आता आण नवे.