फिनलंडचा चमचा, स्पेनची खुर्ची आणि कानबाईचे रोट

पाचोऱ्याच्या स्टेशनात भाऊने, माझ्या थोरल्या भावाने, दमणीचे बैल सोडले नाहीत. थांबायचा विचारच नव्हता त्याचा. माझी पेटी फलाटावर ठेवून तो म्हणाला, "तू आते पाव्हना. येशी तवय सांगीसन ये." स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी एम.ए. करायला पुण्याला निघालो होतो. भाऊच्या लेखी साहित्य शिकणं आणि नाटकमंडळीत पळून जाणं यात फारसा फरक नव्हता. आई मात्र दमणीतून उतरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आठे ऱ्हायना तरी, तठे ऱ्हायना तरी, तुनी मूठ टाकसूच मी."

मूठ म्हणजे काय ते भडगावकडच्यांना सांगायला नको. पण हे लिहिणं माझ्यासारखे जे निघाले त्यांच्या पोरांसाठीही आहे, आणि त्यांना कोण सांगणार? श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माणूस गावात असो की परमुलखात. ते रोट घरच्यांनीच खायचे, पाहुण्याला देत नाहीत. आणि ज्याची चूल वेगळी, त्याची कानबाईही वेगळी.

पुण्यात मला एका साहित्य अभ्यासमंडळात प्रवेश मिळाला. प्रवेश म्हणजे कोपऱ्यातली सतरंजी. डेक्कनवरच्या एका बंगल्यात दर रविवारी युरोपातल्या कादंबऱ्या इंग्रजीतून वाचायचे, आणि त्या जणू आपल्याच काकांनी लिहिल्यात अशा थाटात त्यांच्यावर बोलायचे. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी आयुष्यात नांगर पाहिला असेल तर तो कॅलेंडरवर. पण 'कृषिसंस्कृती' हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळीच पेरणी उरकून आलेत.

एकदा फिनलंडच्या एका लेखकाची कादंबरी आली. शेतकऱ्याचं घर, लाकडी भिंतीच्या फटीत घरातल्या प्रत्येकाचा लाकडी चमचा खोचलेला. थोरला मुलगा अमेरिकेला जातो. आई रोज जेवणाच्या वेळी त्याचा चमचा इतरांबरोबर मेजावर मांडते, आणि जेवणं झाली की सगळ्यांच्या चमच्यांबरोबर धुऊन ठेवते. संपलं. लेखकाने त्यावर अवाक्षर काढलेलं नाही, शहाणा माणूस. आमच्या अध्यक्षांनी मात्र दीड तास काढला. चमचा हे मृत्यूचं प्रतीक. चमचा ही मानवी अस्तित्वातली पोकळी. एका बाईंनी तर त्यात उत्तर ध्रुवाचा एकाकीपणा पाहिला. मी म्हणालो, "यात पोकळी कसली? मुलगा त्या घरातला आहे, म्हणून त्याचा चमचा मांडलाय." आणि आमच्या मुठीची गोष्ट सांगितली. सगळे कौतुकाने हसले. अध्यक्ष म्हणाले, "वा! फोक एलिमेंट!" आणि पुन्हा पोकळीकडे वळले. उचलली जीभ लावली टाळ्याला, यालाच तिथे समीक्षा म्हणत.

मग स्पेनची कादंबरी आली. क्यूबात पैसा करून एक जण पांढऱ्या सुटात गावी परततो. घरची माणसं चुलीभोवती जमिनीवर बसलेली. भाऊ उठतो आणि त्याच्यासाठी शेजारून खुर्ची मागून आणतो. अध्यक्षांनी याला 'स्पॅनिश आतिथ्याचा परमोच्च बिंदू' म्हटलं. त्या दिवशी मी मान डोलावली, कारण मलाही ते खरंच वाटलं होतं. बंगल्यातली हवा तोवर मलाही लागली असावी.

पुढे मला पुण्यातच नोकरी लागली, लग्न झालं, रविवारचं मंडळ चालूच राहिलं. भाऊ एकदाच आमच्या खोलीवर आला, स्टोव्हकडे पाहिलं आणि म्हणाला, "चूल येगळी व्हयनी तुनी." बस्स, तेवढंच. आई होती तोवर मला त्याची फिकीर नव्हती. ती गेली त्यानंतरच्या श्रावणात मात्र मी एकटाच गावी गेलो. माझी मूठ आता कोण टाकणार, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. विचारायची छाती नव्हती.

घरात पाऊल टाकलं आणि भाऊने शाळेतून खुर्ची मागवली. चहा कपबशीत आला, बाकी सगळे पितळीत पीत होते. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला स्पेनची कादंबरी समजली. कसलं आतिथ्य! त्या भावाने भावाला घराबाहेर काढलं होतं, तेही अदबीने. अध्यक्षांना चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या.

वहिनी सूप घेऊन गहू मोजायला बसली. नावं घेत होती. आधी आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. मग भाऊचं, मग त्याच्या मुलांची. मग तिचा हात पोत्यातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भाऊकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

"थांबनी काब?" भाऊ खेकसला. "देर मरी गया का तुना?"

वहिनीने दिराच्या नावाची मूठ भरली. त्याने वाकून पाहिलं. "पुरी भर. तठे पुस्तकं खाईसन वाळी गया तो."

मी उठलो आणि खाली त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पोराला म्हणाला, "ती खुर्ची दी ये शायमा, फुकट जागा अडावस."

पुण्याला परतल्यावर अध्यक्षांनी फिनिश आणि स्पॅनिश कादंबरीतील 'घर' या संकल्पनेवर निबंध मागितला. मी लिहिला नाही. त्यांनी भाऊच्या खेकसण्यातही पोकळी शोधली असती. त्यानंतर मी त्या बंगल्याची पायरी चढलो नाही.

आज कुणी घर कुठलं विचारलं तर मी पुण्याचाच पत्ता सांगतो, आणि ते खोटं नाही. माझी चूल इथे आहे. पण गेल्या श्रावणात मला रजा मिळाली नाही, तरी तिकडे माझ्या नावाचे गहू दळले गेले. ते रोट भाऊने खाल्ले, आणि खाताना मला नक्की शिव्या दिल्या असणार.