न मोजता केलेली सही

चार दिवस मी देवाला मार्ग विचारत होते आणि चारही दिवस उत्तर मला ठाऊक होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लाज झाकून साक्ष देता येत नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचे पार्ट तपासते. सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर कुठे परमनंट झाले, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत आभाराची प्रार्थनाही झाली होती. काम साधंच. शिफ्ट सुरू होताना मशीनवरचा पहिला पार्ट मोजायचा आणि तो बरोबर असेल तरच शीटवर सही करायची. त्या सोमवारी बस उशिरा आली. मी धावतपळत पोचले आणि न मोजताच सही ठोकली. संध्याकाळी कळलं की दिवसभरातल्या सगळ्या पार्टची भोकं मोठी पडलीत. पण शीटवर माझी सही होती, म्हणजे पहिला पार्ट बरोबर होता, म्हणजे सेटिंग नंतर कुणीतरी हलवलं. आळ आला मशीन चालवणाऱ्या दत्तावर. तो परभणीकडचा, कंत्राटी, कुरुळीत खोली घेऊन राहणारा. शुक्रवारी त्याला काढणार असं ठरल्यासारखंच होतं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर डब्यातून बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी काढतात आणि ती वर्षभर जपतात. मी मात्र त्या सोमवारी रात्रीच घरातला डबा खाली काढला. ‘प्रभू, काय करू ते दाखव,’ म्हणत डोळे मिटून चिठ्ठी उचलली. ती खरं बोलण्याविषयी होती. ही काही माझ्यासाठी नसावी म्हणून परत टाकली. दुसरी शेजाऱ्यावरच्या प्रीतीची निघाली, तीही गेली डब्यात. तिसरी होती शांत राहून देवाची वाट पाहण्याची. ती मात्र लगेच पटली! निकाल मीच लावत होते आणि त्यावर नाव देवाचं घालत होते. मंगळवार, बुधवार मी अशी ‘शांत’ राहिले.

गुरुवारी दुपारी कॅन्टीनमध्ये दत्ता माझ्यासमोर येऊन बसला. मला वाटलं, कळलं याला. पण तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, तुमी लोकं लई मनापासून प्रार्थना करता म्हनं. माझ्यासाठी तेवढी करा की. मी सेटिंगला हात बी लावला न्हाई. बायकोला सातवा महिना लागलाय, आता गावाकडं काय तोंड दाखवू?”

“करते,” म्हटलं. त्याने तिथेच हात जोडले, डोळे मिटले आणि वाट पाहत बसला. लहानपणापासून प्रार्थना करत आलेली मी, पण ‘प्रभू’च्या पुढे शब्द फुटेना. दत्ताला वाचव असं कुठल्या तोंडाने म्हणणार होते? ज्याच्या वाटेत मीच उभी होते, त्याच्यासाठी देवाला काय सांगायचं? मी रडायला लागले. ताट तसंच सोडून उठले आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, शिफ्ट संपल्यावर बोलू.” मी म्हटलं, “नाही सर, आत्ताच. सोमवारी मी न मोजता सही केली.” चार दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

मला नोटीस मिळाली, तपासणीचं काम काढून पॅकिंगला बसवलं. नोकरी राहील की नाही ते अजून ठरलेलं नाही. दत्तावरचा आळ गेला, त्याचं काम टिकलं. मी स्वतः जाऊन त्याची माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, “चार दिवस लागले व्हय, ताई?”

त्या रविवारी मंडळीत मी गुडघे टेकले, पण नोकरी वाचव असं मागितलं नाही. ज्याच्यावर मी अन्याय केला त्यालाच माझ्याकडे पाठवलंस, म्हणून देवाचे आभार मानले, आणि पुढचं त्याच्यावर सोपवलं. मग दत्ताच्या बायकोसाठी आणि तिच्या पोटातल्या बाळासाठी प्रार्थना केली. या वेळी शब्द आले.