ब्रेक मोडायची नोकरी

गोरखला चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा येडगावात पहिला प्रश्न पडला तो हा, की पोरगं तिथं करतं तरी काय. त्याच्या वडिलांनी, सयाजी आबांनी, पारावर सांगून टाकलं होतं, "मोटरसायकलच्या कंपनीत हाय." इथवर ठीक होतं. पण पुढं कुणी विचारलं, "बनिवतो का इकतो?" की आबांची पंचाईत व्हायची. गोरख गाड्या बनवत नव्हता आणि विकतही नव्हता. तो त्या चालवत होता. बाजारात अजून न आलेली नवी गाडी सकाळी बाहेर काढायची, दिवसभर खड्ड्यांतून, घाटांतून, चिखलातून दामटायची आणि दिवस मावळायच्या आत परत नेऊन द्यायची. वाटेत गाडीचं काही मोडलं, तर कंपनीतले लोक त्याच्यावर खूश.

"मोडलं तर पगार कापत न्हाईत?" त्याच्या आईनं, चिमाबाईंनी, एकदा विचारलं.

"न्हाई मोडलं तर इचारत्यात, नीट चालवली का न्हाई म्हणून."

चिमाबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पावण्यारावळ्यांत असं सांगू नगंस. लगीन व्हायचंय तुजं."

खरं तर या नोकरीचं शिक्षण गोरखनं घरीच घेतलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला आबांनी एक जुनी फटफटी घेतली होती आणि धरणाच्या कडेच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून नारायणगावच्या डेअरीत पोचवायचं काम गोरखकडं आलं होतं. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, खाली खडीचा रस्ता. दूध सांडलं की आबांची बोलणी खावी लागत. तेव्हापासून त्याला गाडीची कळ अंगात भिनल्यासारखी कळायची. चेन सैल झाली की कानाला, टायरात हवा कमी झाली की बुडाला. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी बैलांच्या टेम्पोंमधून वाट काढत तो असा निघायचा, की व्यापारी म्हणायचे, सयाजीचं पोरगं गाडी चालवत न्हाई, पांघरतं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या दिवाळीनंतरची. त्या वेळी कंपनीत एका मोठ्या गाडीवर काम चाललं होतं. तिला एबीएस होतं. आपल्याकडच्या मोटरसायकलींना ते तेव्हा ठाऊक नव्हतं. करकचून ब्रेक दाबला की चाक जागीच थांबतं आणि गाडी घसरत जाते, हे दुधाच्या कॅनपासून गोरखला माहीत होतं. या गाडीच्या चाकाशी एक दातेरी कडं होतं आणि त्याला जवळजवळ चिकटून एक सेन्सर. चाक अडायला लागलंय असं सेन्सरला कळलं, की ब्रेक आपोआप निमिषभर सुटायचा आणि परत धरायचा. तसं झालं की पायाखालचा पेडल धडधडायचा. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा गोरखला वाटलं, पायाखाली बेडूक आलाय.

गाडीचं रूप बाहेर कुणाला कळू नये म्हणून तिला काळ्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. चाकणहून निघायचं, मंचर, नारायणगाव, जुन्नर करत घाटघरला नाणेघाटाच्या तोंडापर्यंत जायचं आणि फिरायचं, असा रस्ता ठरला होता. जेवायला घरी थांबायची परवानगी गोरखनं काढली होती. पहिल्या दिवशी गाडी अंगणात उभी राहिली आणि चिमाबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"हिला कुटं लागलंय का रं? समदं पट्ट्या बांदून ठिवल्यात."

असेच काही दिवस बरे गेले, आणि मग घाटघरला ब्रेक गेला.

तिकडं भाताची कापणी संपत आली होती. डोंगरातले लोक भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरतात. येणारी जाणारी वाहनं वरून गेली की दाणे आपोआप झडतात. गोरखही त्या पेंढ्यांवरून गेला. घाटघर मागं टाकून उताराला लागला, तेव्हा समोर एबीएसचा पिवळा दिवा पेटला. "असू दे," तो मनाशी म्हणाला, कारण तो दिवा लागला तरी साधा ब्रेक चालू राहतो, हे त्याला शिकवलेलं होतं. उतार संपत आला, पुढं वळण आलं, त्यानं पाय दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. मागच्या चाकाला काही पत्ताच नाही.

गोरखनं दोन गिअर उतरवले, पुढचा ब्रेक जपून धरला आणि वळणाच्या बाहेर एक खळं दिसलं त्यात गाडी घातली. खळ्यात पेंढ्याचा ढीग होता. गाडी ढिगात निम्मी शिरली आणि थांबली. बांधलेल्या दोन म्हशींनी माना वळवून बघितलं.

खळं बहिरूचं होतं. तो आणि त्याची बायको सखूबाई भात वारवत उभे होते. बहिरूनं सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "पावणं, रस्ता तिकडून हाय."

"ब्रेक गेला हो."

"मंग बरं केलंत. खाली ओढ्यात गेला असतात तर पेंढा नव्हता."

सखूबाईंनी आधी पाणी दिलं, मग नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. गोरख खाता खाता गाडीकडं बघत होता. ऑइल कुठं गळलेलं नव्हतं. नळी फुटलेली नव्हती. भाकरी संपवून त्यानं सहज पेडलवर पाय ठेवला, तर पेडल घट्ट, काही झालंच नाही असा. पिवळा दिवा मात्र अजून जळत होता. त्यानं मागच्या चाकाशी वाकून बघितलं, तर कड्याच्या दात्यांत चिखलानं माखलेला भाताचा पेंढा गच्च बसला होता. काडीनं तो कोरून काढला, गाडी थोडी पुढं नेली, तसा दिवा विझला.

"घावलं," गोरख म्हणाला.

"भातानं अडिवली का?" बहिरू हसला. "आमचं भात लई अडिवतं लोकास्नी."

गोरख त्याच आनंदात चाकणला आला. ब्रेकचं काम प्रतिभा मॅडमकडं होतं. मूळच्या मंचरच्या, हात काळे करून घ्यायला मागंपुढं न बघणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिव्याचं पटलं मला, गोरखभाऊ. पेंढ्यानं सेन्सर आंधळा झाला. पण पेडल का गेला? एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक राहायलाच हवा. ही दोन दुखणी वेगळी आहेत. एकाच दिवशी आली म्हणून आपण त्यांचं लग्न लावतोय."

त्यांनी गाडी उघडली. ब्रेक ऑइल पुरेसं होतं. नळीत हवा असेल म्हणून ते काढून नवं भरलं. मग त्यांनी मागची डिस्क दाखवली. ती कडेनं निळसर झाली होती आणि पॅड वेळेआधीच झिजले होते.

"ही भाजलीये. डिस्क तापली की ऑइल उकळतं, उकळलं की त्याचे बुडबुडे होतात, आणि मग पाय बुडबुडेच दाबत बसतो. गार झालं की परत ठीक. उतारावर मागचा ब्रेक धरून ठेवला होता का?"

"न्हाई मॅडम. गिअरवर उतरलो. वळणाला तेवढा दाबला."

"आठवून सांगा."

"आठवून काय सांगायचं, दाबला न्हाई म्हणजे न्हाई."

दुसऱ्या दिवशी तीच गाडी जानकूला दिली. जानकू गोरखच्या बरोबरीचा, बुटका, गोल आणि कायम भुकेला. तो घाटघरला जाऊन आला आणि ब्रेकनं एकदाही दगा दिला नाही. तिसऱ्या दिवशी परत गोरखला दिली, तर त्याच उतारावर पेडल परत खाली. या वेळी दिवा बिलकुल लागला नव्हता. कँटीनमध्ये जानकू म्हणाला, "गाडीला गोरख आवडत न्हाई, राव. पत्रिका जुळवून बघा." सगळे हसले, गोरखही हसला. पण घास गोड लागेना. इतक्या वर्षांत गाडीबद्दल त्यानं सांगितलेलं कुणी कधी खोटं मानलं नव्हतं. मॅडमही खोटं म्हणत नव्हत्या, पण निळी डिस्क तेच म्हणत होती.

त्या आठवड्यात तो जेवायला घरी थांबला. चिमाबाईंनी मासवड्या केल्या होत्या, त्यातल्याही दोन त्यानं ताटात तशाच ठेवल्या. निघताना त्या नेहमीसारख्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. घरापासून रस्ता उतरत कालव्याच्या पुलापर्यंत जातो, तेवढा सगळा तिथून दिसतो. गोरख पुलाशी पोचला आणि त्याला आठवलं, मोबाइल ओट्यावरच राहिला. तो फिरून परत आला.

मोबाइल हातात देत चिमाबाई म्हणाल्या, "गोरख, तुजा मागला लाल दिवा बिगाडलाय का रं?"

"का?"

"समद्यांचा लागतो न् इजतो. तुजा हितून लागला त्यो पुलापातुर इजलाच न्हाई. मागल्या खेपेलाबी तसंच. म्या म्हनलं, नव्या गाडीचं तसंच असंल."

गोरख चालता चालता थांबला. मागचा लाल दिवा ब्रेक दाबल्यावरच लागतो.

"आई, हितं ये. गाडीच्या मागं हुबी ऱ्हा." तो गाडीवर बसला, चावी फिरवली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. "आता?"

"इजलाय."

त्यानं उजवा पाय उचलून चालवताना ठेवतो तसा ठेवला. "आता?"

"लागला."

"मी दाबलाच न्हाई."

"मला काय म्हाईत? लागलाय तर लागलाय."

त्यानं खाली बघितलं. कंपनीनं गेल्याच महिन्यात सगळ्यांना नवे बूट दिले होते, जाड तळव्याचे, आत लोखंडी टोपी असलेले. पाय पायदानावर नीट टेकला होता, पण गोरखचे पाय मुळात लांब, त्यात बुटाचं नाक पुढं आलेलं. ते पेडलवर हलकंच विसावलं होतं आणि तळवा इतका जाड, की पायाला त्याचा गंध नव्हता. त्यानं बूट काढला आणि मोज्यानं पाय ठेवला.

"आता?"

"इजला. आन् पायमोजा फाटलाय तुजा."

गोरख गाडीवर बसल्या बसल्या हसत सुटला. आतून आबा विचारायला लागले काय झालं म्हणून. उतारभर मागचा ब्रेक हलका धरलेला राहत होता, डिस्क तापत होती, आणि ऐन वळणावर ऑइलला उकळी फुटत होती. दाबला नाही हेही खरं होतं आणि डिस्क भाजली हेही खरं. जानकूचा पाय तिथवर पोचतच नव्हता.

त्यानं तिथूनच प्रतिभा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, गाडीत काय दोष न्हाई. माझाच बूट व्हता," त्यानं सगळं सांगून झाल्यावर म्हटलं.

 पलीकडून मॅडम म्हणाल्या, "असं कसं म्हणता? उद्या गाडी बाजारात जाईल, तेव्हा लांब पायाचं गिऱ्हाईक येणार नाही का? त्यालाही आपण सांगायचं का, पाय कापून या म्हणून? पेडल उंच बसलाय, भाऊ. चूक आमची आहे. आणि दिवा कुणी बघितला म्हणालात?"

"आईनं."

"त्यांना विचारा, येतात का इकडं नोकरीला."

चिमाबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मला पगार कोन मोजाया बसलंय? गवार तोडायची ऱ्हायलीया," आणि वावरात गेल्या. पण संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं होतं, की कंपनीच्या गाडीचा बिघाड चिमाबाईंनी धरला.

पुढं पेडल खाली घेतला, आणि ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणं वरखाली करता येईल अशी सोय केली. पेडलची मोकळी चालही थोडी वाढवली, म्हणजे नुसता पाय टेकला तर ब्रेक लागायला नको. सेन्सरवर पत्र्याची छोटी टोपी बसवली, म्हणजे पेंढा शिरायला नको. मग खात्री करायला प्रतिभा मॅडम स्वतः जीप घेऊन गोरखच्या मागून निघाल्या. घाटघरच्या सबंध उतारभर त्यांची नजर त्या लाल दिव्यावर होती. वळण आलं, दिवा लागला. वळण सरलं, विझला. पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिला.

उताराच्या तळाला गोरखनं आपणहून बहिरूच्या खळ्याकडं गाडी वळवली. बहिरू पेंढ्याची गंजी रचत होता.

"आज ढिगात न्हाई शिरलात, पावणं?"

"आज जेवायला आलोय. ह्या आमच्या मॅडम."

सखूबाईंनी नव्या तांदळाचा भात चुलीवर ठेवला. त्याचा वास सुटला तसा जीपमध्ये झोपलेला जानकू जागा झाला आणि कुणी न बोलावता पाटावर येऊन बसला. त्याला तीनदा वाढून झाल्यावर सखूबाईंनी पातेलंच त्याच्यापुढं सरकवलं.

तेव्हापासून घाटघरच्या रस्त्यावर येणारे कंपनीचे सगळे चालक दुपारी सखूबाईंकडंच जेवायला लागले. गोरखचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मुलीकडच्यांना त्याची नोकरी काय आहे ते चिमाबाईंनी स्वतः, न विचारता आणि भरपूर वाढवून सांगितलं. बहिरूनं दोन पिकांनंतर एक साधी मोटरसायकल घेतली आणि गोरखला म्हणाला, आता शिकवायला तुम्हीच या. गोरख एका रविवारी गेला. बहिरू पहिल्याच फेरीत बांधाला जाऊन टेकला, उतरला आणि म्हणाला, जरा दम घेतो. तो दम घेईस्तोवर सखूबाईंनी पदर खोचला, गाडीवर बसल्या, ब्रेक कुठला ते विचारून घेतलं आणि खळ्याला तीन फेऱ्या घालून आल्या.

"पाय ब्रेकवर ठिवायचा न्हाई नव्हं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वयनी. लागंल तवाच."

"मंग सोपं हाय," म्हणून त्या चौथ्या फेरीला निघाल्या, आणि बहिरू म्हशींना बाजूला घ्यायला धावला.