वेशीपाशी थांबलेला नवरदेव

दत्ता माझ्या दुकानात आपणहून कधी शिरला नाही. शहागंजातलं माझं बांगड्यांचं दुकान ते केवढं. दोन पायऱ्या चढल्या की माणूस थेट माझ्या गादीपाशी येतो. हा मात्र खालच्या पायरीवर उभा राहून विचारायचा, "मावशी, येऊ का?" दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी, बाहेर ऊन रणरणत असलं तरी. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, दुकान आहे हे, कुणाचं देवघर नाही!" तर म्हणाला, "इचारून आल्यालं बरं असतंय." आत आल्यावरही बस म्हणेपर्यंत उभाच. असल्या माणसाचा या जगात निभाव कसा लागायचा, याची मला उगीच काळजी वाटायची.

वाळूजच्या एका कंपनीत तो कामाला होता आणि बजाजनगरात गावाकडच्या पोरांसोबत खोली करून राहायचा. घरी कपाशी आणि मका. नुकतीच त्याची सुपारी फुटली होती आणि त्यांच्याकडे लग्नचुडा नवऱ्याकडून जातो, म्हणून तो माझ्याकडे आला. "हिरव्या द्या. दोन-चार मापाच्या." मी विचारलं, माप कुणी घेतलं? कानापर्यंत लाल झाला. "च्या द्यायला आली, तवा हात बघितला." नुसत्या नजरेनं बांगडीचं माप कळत असतं, तर आम्हा कासारांना कुणी विचारलं असतं? पण तो हटेना. सुट्टीच्या दिवशी यायचा आणि डझनभर दोन-चार घेऊन जायचा. शेवटी मी त्याचं नावच दोन-चार ठेवलं.

मुलीचं नाव शीतल. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातली. तिच्या घरात आजोबांचा शब्द चालायचा. त्यांना सगळे नाना म्हणत. सुपारी फुटताच नानांनी दत्ताला समोर बसवून सांगितलं होतं, "आता अक्षता पडंपर्यंत फोन नाय, भेट नाय, गावात पाऊल नाय. आमच्या घरची रीत हाय." दत्ता व्हय म्हणाला आणि खरोखर पाळत बसला. माझ्या शेजारचे अत्तरवाले चाचा त्याला चिडवायचे, "अरे दूल्हे, फोन लगा ना बाबा, किसकू मालूम पड़ता?" दत्ता गंभीरपणे म्हणायचा, "जबान दियेली है चाचा." हल्लीची पोरं साखरपुड्याच्या आधीच एकमेकांना पिक्चर दाखवून आणतात. हा बाबा तिचा नंबरसुद्धा मोबाइलमध्ये ठेवत नव्हता, चुकून बोट लागेल म्हणून!

शब्द पाळणं त्याला जड गेलं नाही. त्याला पोखरत होती वेगळीच गोष्ट. एक दिवस चहाचा कप हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "मावशी, तिला इचारलं आसंल का कुनी?"

"काय विचारायचं?"

"मी पसंत हाय का म्हणून. मपल्या आईला इचारलं, मामाला इचारलं, मला इचारलं. तिकडं तिच्या नानाला इचारलं. ती खाली मान घालून आली, कप ठिवला अन् गेली. तिचं काय?"

मी म्हटलं, नको असता तर नाही म्हणाली असती. त्यावर म्हणाला, "म्हनायला कुनी जागा तर दिली पायजे ना." मी आपल्या बांगड्या पुसत बसले.

पुढे हा किडा त्याच्या डोक्यातून निघेचना. तिच्या मनात नसेल तर आपणच सोयरीक मोडायची, असं त्यानं ठरवून टाकलं. पोरीच्या नावाला बट्टा नको, लोकांनी आपल्याला वाईट म्हणावं. आणि हे बोलत असतानाच हात पुढे करून आणखी एक डझन दोन-चार मागायचा. हसावं की रडावं, सांगा.

चुडा भरायचा दिवस ठरला, तसा तो माझ्या मागे लागला की तुम्हीच चला. माझे गुडघे कुरकुरतात, खेड्यापाड्यात जाणं मी कधीच सोडलंय. पण मीच एकदा फुशारकी मारली होती की नवरीच्या मनात नसलं, तर तिचा हात वळत नाही. शंभरदा साबण लावा, बांगडी चढत नाही. तेच त्यानं धरून ठेवलं. "तिला काय इचारू नका. निसतं भरताना बघा. खुशीनं भरती का, तेवढं सांगा."

गेले. मोटारसायकलवर मागे मी, मध्ये बांगड्यांची पेटी, तिच्यातच त्यानं घेतलेल्या सगळ्या दोन-चार, पुढे हा. शहराबाहेरचं हर्सूल मागे टाकलं. गावाच्या वेशीवर मारुतीचं देऊळ आहे, तिथं त्यानं गाडी उभी केली. "हितून पुढं मी येत नाय." पेटी उचलून, नवरदेवाला मनातल्या मनात शिव्या देत मी उरलेली वाट चालले.

अंगणात बायका जमल्या होत्या. नाना बाजेवर बसून होते. शीतल पाटावर बसली, मी तिचा हात हातात घेतला. हात कसला, लाकूड! नवऱ्याकडची म्हणून आधी दोन-चार लावली, ती तर अर्ध्यातच अडली. मी मुकाट्यानं एक माप मोठी, दोन-सहा काढली, तिचं खरं माप तेच होतं. तीही जाईना. दुसऱ्यांदा लावायला गेले तर पिचली. "वाढवली, वाढवली," तिची आई घाईघाईनं म्हणाली, कारण असल्या दिवशी फुटली म्हणायचं नसतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वेशीवरचा तो खुळा दिसत होता. त्याला काय सांगू?

साबण लावायच्या निमित्तानं मी वाकले आणि हळूच म्हटलं, "पोरी, दुखतंय का गं?"

तिचे डोळे भरले. "मावशी, तुमी तिकडून आल्यात. खरं सांगा, त्यायला मी पसंत हाय का? का घरच्यांनी गळ्यात बांधली?"

"असं काहून वाटतं तुला?"

"मैत्रिणींच्या होणाऱ्या नवऱ्यांचे दिसातून धा बार फोन येत्यात. ह्यांचा एक बी नाय. नानाचं काय, नाना म्हनतेतच. मनात आसतं तर चोरून एखांदा तरी केला आसता की."

मला आधी हसू फुटलं आणि मग असा राग आला म्हणून सांगू! हा तिथं तिच्यासाठी झुरतोय, ही इथं त्याच्यासाठी. दोघं एकाच शब्दाच्या अल्याड-पल्याड. मी पेटीचं झाकण आपटलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "नाना, तुमचा होणारा नातजावई मारुतीपाशी उन्हात उभा आहे. तुम्ही शब्द घेतलात म्हणून त्यानं फोन केला नाही, गावात पाऊल टाकलं नाही. आणि तुमची नात समजून बसलीय की ती त्याला नको आहे. आता तुम्हीच बघा."

नाना काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "बोलवा त्याला."

दत्ता आला तो अंगणाच्या दारात थांबला. "येऊ का?" बायकांनी तोंडाला पदर लावले.

"ये," नाना म्हणाले. "काय बोलायचं ते माझ्यासमोर बोल."

तो तिच्यासमोर उभा राहिला. सदरा घामानं भिजला होता. "तुमाला... तुमाला मी पसंत हाय का? नसंल तर सांगा. नाव मपलं खराब झालं तरी चालंल."

किती आठवडे हा प्रश्न मी ऐकत होते, कंटाळले होते. पण त्या अंगणात तो त्याच्या तोंडून बाहेर पडला, तेव्हा मला डोळे पुसावे लागले. त्या घरात त्या पोरीला असं पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

शीतलनं मान वर केली. "फोन काहून केला नाय?"

"नानाला शब्द दिलता."

"मंग मला दिल्याला बी असाच पाळताल का?"

"व्हय."

ती पुन्हा पाटावर नीट बसली आणि तिनं हात माझ्यापुढे केला. "मावशी, त्यायनी आणलेल्याच भरा." मी म्हटलं, अगं, त्या दोन-चार आहेत, तुला दोन-सहा लागते. "भरून तर बघा." बघितलं. हात कसा मळलेल्या कणकेसारखा मऊ झाला होता. घट्ट बसल्या, पण एकेक करत सगळ्या चढल्या आणि एकही पिचली नाही. नानांनी घसा खाकरला. "आरं, त्याला बी च्या द्या कुनीतरी."

लग्नाला मी गेले, पोटभर जेवले. आता ती दोघं पुंडलिकनगरात राहतात. दत्ता सुट्टीच्या दिवशी येत नाही, त्याला आता घर आहे, आणि खरं सांगते, मला चुकल्यासारखं होतं. परवा शीतल बांगड्या भरायला आली होती. हा सवयीनं पायरीवर उभा. "मावशी, येऊ का?" मी तोंड उघडायच्या आत, हात माझ्या हातात तसाच ठेवून, मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "या की."

त्याचं एक खूळ मात्र मला कायमचं लागलं. चुडा भरायला नवरी समोर बसली की मी साबण लावताना वाकून हळूच विचारते, "पोरी, तुला विचारलं का गं कुणी?" बहुतेक पोरी हसतात. एखादी मात्र आईकडे बघते. मग मी साबणाचं पाणी संपलं म्हणून सांगते, आईला कोपऱ्यावरच्या नळाकडे पिटाळते, आणि ती परत येईपर्यंत पोरीचा हात हातात धरून बसते.