सौदीचा गेम आणि मिक्सरची नवी पिन

ती केस अजून डोक्यातून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सातवी पास, शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो, तेव्हा भाषेकडे बघू नका. नावं सांगणार नाही. ती माणसं इथेच राहतात.

सकाळची हजेरी झाली, ड्युट्या वाटल्या आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकीतून फोन आला. आमच्या हद्दीतल्या खाडीकाठच्या गावातली बाई, मिक्सर लावताना शॉक, हात कोपरापर्यंत भाजलेला, शुद्ध नाही. असले फोन येतच असतात. पण थोड्या वेळाने तिचा मोठा भाऊ ठाण्यात आला. होडीवरचा माणूस, अंगाला मासळीचा वास. खुर्ची दिली तर बसला नाही.

"सायब, मिक्सरची पिन बघा. नवी आहे. माझ्या बहिणीला नवऱ्यानं ठरवून मारलीय."

त्याचं म्हणणं समजायला घरातली परिस्थिती सांगावी लागेल. नवरा सौदीला कामाला, दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा. मागच्या खेपेला त्याने मिक्सर आणला होता, या खेपेला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. तो राहायचा तिकडची वीज आपल्या निम्म्या जोराची. तिथली वस्तू इथे चालवायची तर मध्ये एक लोखंडी पेटी लागते, वीज कमी करणारी, चिऱ्याच्या तुकड्यासारखी जड. गल्फवाल्यांच्या घरात ती असतेच. पण या घरात यंत्रं दोन आणि पेटी एकच. मिक्सरची पिन तिकडची, चपटी. ती पेटीतच बसायची, आपल्या भिंतीत नाही. म्हणजे चुकून थेट लावायची सोय नव्हती. कोणीतरी ती पिन कापून आपली लावली होती.

पंचनाम्याला गेलो. स्वयंपाकघरात जळका वास, खोबरं वरच्या कौलांपर्यंत उडालेलं, मासे धुतल्याने जमीन अजून ओली. मिक्सर स्टीलचा, खालून काळा पडलेला. फ्यूजमध्ये जाड तार कोंबलेली, त्यामुळे तो उडालाच नाही. आणि पिन पांढरीशुभ्र, नवी. बाहेरच्या खोलीत टीव्ही, त्याच्यापुढे तो गेम आणि गेमला जोडलेली पेटी.

नवऱ्याला आणला. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, पिन कोणी लावली. माहीत नाही म्हणाला. पेटी कुठे होती?

"माझ्याकडे. गेमला." मग मान खाली घालून म्हणाला, "लिहा सायब. माझ्यामुळंच झालं. मीच मारलं तिला."

साहेब म्हणाले, झाली केस. मला पटेना. कबुली देणारा माणूस काहीतरी मागतो. पाणी मागतो, वकील मागतो, निदान मारू नका म्हणतो. हा फक्त टेबलावरच्या फोनकडे बघत होता.

त्या दिवशी त्या फोनला आम्ही सगळेच घाबरत होतो. सिव्हिलमधून 'गेली' एवढा शब्द आला की खुनाच्या प्रयत्नाचं, तीनशेसातचं, सरळ खुनाचं तीनशेदोन होणार होतं. मला आणखी एक भीती. हा गडी लॉकअपमध्ये स्वतःचं काही करून घेईल. पट्टा, नाडी, गळ्यातला ताईत सगळं काढून घेतलं आणि गजांसमोर शिपाई बसवला, पाठ फिरवायची नाही म्हणून बजावून. फोन वाजला की गजांवरची त्याची बोटं पांढरी पडत. एकदा दुसऱ्या ठाण्याचा फोन होता, एकदा कोणाचा रॉंग नंबर. फोनवरच्या शिपायाने रिसीव्हर ठेवला तेव्हा त्याच्याही कपाळावर घाम होता.

दुपारी पेटी जप्त करायला मला पुन्हा घरी पाठवलं. नवऱ्याची म्हातारी आई आणि चार-पाच वर्षांची मुलगी, दोघीच होत्या. मुलगी बंद टीव्हीपुढे गेमचं बटणांचं हँडल धरून बसलेली. मी पेटी उचलली तशी ती रडायला लागली. म्हातारीने सांगितलं, बाप आला तेव्हा ही त्याच्याजवळ जात नव्हती. आईच्या ओढणीआड लपायची, पाहुणा कधी जाणार विचारायची. गेम लागला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मांडीवर बसली. तिकडचा गेम, आपल्या टीव्हीवर रंग येत नव्हते, काळंपांढरं दिसायचं. तरी उठत नव्हती.

मी खाली बसलो आणि मुलीला विचारलं, मिक्सरला नवी पिन कोणी लावली गं?

"दुकानवाल्याने. मला गोळी दिली. अम्मी बोलली, अब्बाला सांगायचं नाय."

नाक्यावर वायरिंगची कामं घेणाऱ्याचं दुकान होतं. तो आधी साफ नाही म्हणाला, असली बाई आलीच नाही. पण आधीच घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा पुन्हा पिळत होता. मी त्याला ओरडलो नाही. एवढंच सांगितलं, आत एक माणूस बसलाय, फोन आला की खुनात जाईल.

"माझ्यावर येईल म्हणून बोललो नाय, सायब," तो म्हणाला. "मिक्सर पिशवीत घालून आणला. बोलली, आपली पिन लावा. मी सांगितलं, बाहेरचा आहे, पेटी लागेल. तर बोलली, पेटीवर बाप-लेक बसलेत, त्यांना उठवायचं नाय. दोन मिनिटं खोबरं फिरवायचंय. मला वाटलं, जाईल तर मिक्सर जाईल."

जबाब घेऊन ठाण्यात आलो तर फोन वाजत होता. साहेबांनी उचलला. गजांमागे तो उभा राहिला. साहेबांनी ऐकून रिसीव्हर ठेवला. मग ते म्हणाले, "जबाबाला तहसीलदारांना घेऊन सिव्हिलला जा. शुद्धीवर आलीय."

तिने तेच सांगितलं जे दुकानदाराने सांगितलं होतं. पण त्याआधी विचारलं, पोरीला कोणी जेवायला घातलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाई वाचली. भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून रडला.

नवऱ्याला सोडताना मी त्याला पिनेचं खरं काय ते सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं होईल. तो ठाण्याच्या पायरीवर बसला.

"म्हणजे माझ्यामुळंच ना, सायब."

माणूस 'मीच केलं' म्हणतो तेव्हा गुन्हा सांगतोय की दुःख, हे आधी बघावं, एवढं त्या दिवशी शिकलो. पुढे कितीतरी कबुल्या मी लिहून घेण्याआधी थांबवल्या.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाजारातून रबरी चपला घेतल्या. हिला म्हटलं, उद्यापासून ह्या घातल्याशिवाय मिक्सरला हात लावायचा नाही. ती हसली. शेजारणींना सांगायची, आमच्याकडे वाटणालापण फौजदारसायबांचा बंदोबस्त असतो. पण घालायची. झिजल्या की नवीन आणायला मलाच सांगायची.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. विजेने नाही, साखरेने. सिव्हिलच्या त्याच व्हरांड्यात मी बसलो होतो. त्या दिवशी कोणी शुद्धीवर आली म्हणून सांगायला आलं नाही. गोड खाऊ नको म्हणून मी ओरडायला हवं होतं, की लवकर न्यायला हवं होतं, मला माहीत नाही. माझंही तेच चाललंय, माझ्यामुळंच. जबाब घेणारं कोणी नाही.

चपला ओट्याखाली आहेत. मिक्सर लावताना मी त्या घालतो. टाचा बाहेर राहतात.