मान मागे, हँडल सरळ

शाळेच्या मैदानावर फक्कीने रस्ता आखून बाई मुलांना सायकल शिकवत होत्या. सायकल सरळ ठेवून मागे बघायचं, एवढाच धडा. सोमवारपासून माझी नात हायवेने एकटी शाळेत येणार होती.

"यात काय शिकवायचं?" म्हणत मी तिची सायकल घेतली, ऐटीत मागे पाहिलं आणि थेट कुंपणात शिरलो.

"आजोबा, मान वळली की तुमचं हँडलही वळतं!" नात ओरडली. पोरं खिदळली. पँट झटकत मीही हसलो.

बाई हसल्या नाहीत.

"माझ्या मुलीचंही वळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मागे ट्रक होता."

जन्मभर मी स्वतःला पट्टीचा सायकलवाला समजत आलो. माझ्यामागे रस्ता रिकामा होता, एवढंच.

बाईंनी शिट्टी फुंकली. नातीने मान वळवली. मी तिच्या हँडलाकडे बघत राहिलो.